पिस्तूल आणि खारूताईची सही

३ जानेवारी

चि. खारूताईस, अनेक आशीर्वाद.

खट्. मग जरा थांबून, खट्ट.

हा आवाज तुला ठाऊक असायचं कारण नाही. तू जन्मलीस तेव्हा तुझे आजोबा निवृत्त होऊन अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले होते. पण मी लहान असताना ते छावणीच्या शस्त्रागारात कारागीर होते. मानवंदनेच्या दिवशी हवेत बार काढायला म्हणून जुन्या काळची घोडेस्वारांची एकबारी पिस्तुलं तिथे जपून ठेवलेली असत, आणि त्यांची देखभाल तुझ्या आजोबांकडे. शाळा सुटली की मी दप्तरासकट त्यांच्या बाकाशी जाऊन बसे. ते पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने मागे ओढत. अर्ध्यावर आला की खट्. पुरता मागे आला की खट्ट. आणि मी शेजारी बसून उद्याची कविता पाठ करी. ओळीत श्वास घ्यायच्या जागी पहिला आवाज, ओळ संपली की दुसरा. छंद म्हणजे काय हे मला गुरुजींनी नंतर शिकवलं, त्याआधी ते पिस्तुलाच्या घोड्याने शिकवलं होतं. पुढे उभा जन्म वर्गात कविता म्हणताना माझा अंगठा टेबलावर आपोआप मागे जायचा. मुलं हसायची. हसू देत.

आता पत्राचं कारण. चष्म्याच्या दुकानावरच्या माळ्यावर जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. परवा काडी बदलून घ्यायला गेलो आणि पाय आपोआप जिना चढले. एका पेटीत, विटक्या मखमलीवर, तेच पिस्तूल. तसाच पितळी बुडाचा दस्ता, तसाच राजहंसाच्या मानेसारखा घोडा. दुकानदार म्हणतो खरं लष्करी आहे, नळी सरकारी नियमाने बुजवलेली आहे, तसा कागदही आहे. शस्त्रागार मोडलं तेव्हा तिथला माल कुठे कुठे गेला, कुणाला माहीत? हे तुझ्या आजोबांच्या हातून गेलेलं असलं तर?

मला ते घ्यायचं आहे. तुझी मामी म्हणते, "घरात एक बिनकामाचं जुनं खोड आहे, तेवढं पुरे." मग जरा वेळाने म्हणाली, "खारूला विचारा. ती खरं आहे म्हणून लिहून देत असेल तर घ्या, नाहीतर जिना चढू नका." मलाही ते पटलं. संग्रहालयात शस्त्रांच्या दालनात इतकी वर्षं काढलेली तू, तुझ्याइतका जाणता डोळा आपल्या घरात कुणाचा?

फोन करत नाही, कारण फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने रचतो. तेव्हा पत्रच लिही.

तुझा,
मामा


११ जानेवारी

ती. मामांस नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्हाला कुणी सांगितलं नसणार, म्हणून आता मीच सांगते. मी संग्रहालय सोडलं त्याला दोन वर्षं होतील. आईला मी "बदल हवा होता" एवढंच सांगितलं आहे, तिने विचारलं तर तुम्हीही तेच सांगा.

एक तलवार आली होती. मी तपासली, खरी आहे म्हणून खाली सही केली, संग्रहालयाने ती घेतली आणि काचेच्या पेटीत मांडली. काही महिन्यांनी बाहेरगावचा एक जाणकार आला, पेटीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मूठ जुनी, पातं कालचं." त्याचं बरोबर होतं. त्या मुठीवरची कोरीव वेल इतकी सुरेख होती की मी पात्याकडे मन लावून पाहिलंच नाही. मला कुणी रागावलं नाही, मामा. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या टेबलावर नवीन वस्तू यायच्या बंद झाल्या, एवढंच. रिकाम्या टेबलाशी किती दिवस बसायचं?

आता मी तसबिरी मढवायच्या दुकानात आहे. काच कापते, चौकट जोडते. इथे खरं का खोटं कुणी विचारत नाही, मापात बसलं की झालं. मला बरं वाटतं इथे.

तेव्हा मत मागू नका. आणि विचाराल तर घेऊ नका. अशी बाजारातली बहुतेक पिस्तुलं जुन्या तुकड्यांची मोट बांधून केलेली असतात आणि वरून काळी केलेली. मामी म्हणतात तेच बरोबर.

मामींना नमस्कार. काडी बदलून घेतलीत का?

खारू


१७ जानेवारी

चि. खारूस, आशीर्वाद.

पत्र वाचलं, परत वाचलं, आणि मग मामीला वाचून दाखवलं. तिने डोळ्याला पदर लावला आणि लगेच म्हणाली, "एका तलवारीपायी पोरीने एवढं मनाला लावून घ्यावं? मी तर रोज एक भाजी खारट करते."

दुसरीत असताना तू अंगणात खडे वेचून खिसे भरायचीस, आठवतं? सगळी मुलं रंगीत खडे घ्यायची. तू मळके घेऊन यायचीस आणि म्हणायचीस, "हा आतून वेगळा आहे." फोडला की खरंच वेगळा निघे. म्हणून तर खारूताई. तो डोळा एका तलवारीने फुटला असं मी मानत नाही.

असो. बातमी ही की पिस्तूल सध्या माझ्याकडे आहे! दुकानदाराचा मुलगा माझ्या वर्गात होता. "मास्तर, घरी न्या, मनाची खात्री होईपर्यंत बघा," दुकानदार म्हणाला. मामी त्याला साखरतोंड्या म्हणते, पण मला तरी माणूस सरळ वाटला.

आणि काल मी एक फार छान काम केलं. आजोबा दर आठवड्याला पितळ घासायचे, म्हणून मीही अर्धं लिंबू घेतलं, मीठ घेतलं, आणि दस्त्याचं बूड असं लख्ख केलं की तोंड दिसावं! इतक्या वर्षांचा काळोख पुसला गेला आणि आतून सूर्य उगवला, असं वाटलं. आता घोडा आणि नळी घासायला घेणार आहे. त्यासाठी काय वापरू? राख चालेल?

तुझा,
मामा


२१ जानेवारी

मामा,

हात जोडते, थांबा! लिंबू खाली ठेवा. मीठ खाली ठेवा. राखेचं तर नावही काढू नका. हे पत्र हातात पडेपर्यंत तुम्ही नळी घासली नसाल अशी देवाजवळ प्रार्थना करते आहे.

अहो, तो मळ म्हणजेच त्याचं वय होतं! जुन्या वस्तूवरची काळपट साय हीच तिची साक्ष असते. ती तुम्ही लिंबाने पुसलीत? जन्मदाखला धुऊन वाळत घातलात? संग्रहालयात नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो, की घासायचा मोह झाला तर हात पाठीमागे बांधून बसा. आणि माझा सख्खा मामा सूर्य उगवतो म्हणे!

मी मत देत नाहीये, हे लक्षात ठेवा. फक्त आणखी नुकसान होऊ नये म्हणून लिहिते आहे.

घासलेलं फडकं कुठे आहे? धुतलं नसेल तर धुऊ नका, कागदात गुंडाळून मला पाठवा. पितळ आणि लाकूड जिथे भेटतं तिथे नख फिरवून बघा, अडतं का? नळीवर आणि कळीच्या पाटीवर, म्हणजे घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवला आहे तिच्यावर, आकडे ठोकलेले असतील. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल हलकी घासा, लहानपणी नाण्याची छाप काढायचो तशी. घोडा उगाच ओढून सोडू नका. आणि काही घासू नका. काहीही. भांडीसुद्धा मामींना घासू द्या.

खारू


२९ जानेवारी

चि. खारू,

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर ती जी हसत सुटली ती अजून थांबलेली नाही. ते वाक्य तिने पाठ केलं आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

नळी वाचली. राख चाळत होतो तेवढ्यात पोस्टमन आला.

फडक्याची कथा करुण आहे. मामीने ते साबणाच्या बादलीवर धरलं होतं, आता सोडणार, इतक्यात मी ओरडलो. या वयात इतक्या जोराने मी बरेच दिवसांत ओरडलो नव्हतो. एक कोपरा भिजला, बाकी कोरडं आहे. सोबत पाठवतो.

नख फिरवलं. अडतं. पितळ लाकडाच्या किंचित बाहेर आलं आहे, दोन्ही अंगांनी. आकड्यांची छाप सोबत आहे. पण इथे माझा जीव थोडा खाली गेला. नळीवरचा आकडा वेगळा आणि पाटीवरचा वेगळा.

आणि त्याहून वाईट सांगतो. तू घोडा ओढू नको लिहिलंस, पण ते पत्र यायच्या आधी मी एकदा ओढला होता. एकदाच गं. डोळे मिटून, कान लावून. नुसतं खट्ट. अर्ध्यावरचा आवाजच नाही. श्वास घ्यायची जागाच गेली. पुढची सगळी संध्याकाळ मी पेटीचं झाकण उघडलं नाही. मामीने विचारलं, "काय, गोळी लागली का?" मी म्हणालो, लागली.

तुझा,
मामा


५ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

आकडे जुळत नाहीत. घोडा अर्ध्यावर अडवणारी खाच नाही. दोन पिस्तुलांची जोडाजोड दिसते. खोटं आहे. परत देऊन या आणि या विषयावर आता काही लिहू नका.

खारू


१० फेब्रुवारी

चि. खारूस, आशीर्वाद.

तुझी आज्ञा मोडून लिहितो आहे. मामा म्हणून तेवढा हक्क सांगतो.

इतकी वर्षं मी मुलांचे पेपर तपासले. मुलाने विचार करून चुकीचं उत्तर लिहिलं आहे, की पळ काढायला काहीतरी खरडलं आहे, हे मला अक्षरावरून कळतं. तुझं मागचं पत्र दुसऱ्या जातीचं आहे. फडक्याबद्दल तू त्यात एक अवाक्षर काढलं नाहीस. पोचलं तरी का? की पोचलं आणि तू ते उघडलंच नाहीस?

आता आकड्यांचं. आजोबांचं वार्षिक साफसफाईचं काम मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सगळ्या पिस्तुलांच्या कळा सुट्या करायचे आणि रॉकेलच्या एका टबात बुडवायचे. पुसून झाल्या की हाताला येईल ती कळ समोरच्या नळीला. बसली तर ठीक, नाही बसली तर कानस. एकदा मी विचारलं, "बाबा, हिचा आकडा निराळा आहे." ते म्हणाले, "बार निघतो ना? मग आकड्याला काय चाटायचंय?" लष्करातल्या माणसाला मानवंदनेच्या दिवशी आवाज हवा असतो, जुळे आकडे कशाला हवेत? हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. मग तू ते लिहिलं का नाहीस?

मला वाटतं ते सांगतो, रागावू नकोस. खरं म्हणून चुकलं तर नाव जातं. खोटं म्हणून चुकलं तर कुणाला पत्ताच लागत नाही. म्हणून तू आता सगळ्यालाच नाही म्हणतेस. पण नाही म्हणायला पारखी कशाला हवा? आमच्या दाराचं कुलूपही तेवढं म्हणतं.

तू तपासून नाही म्हण, मी उद्या पेटी परत देऊन येतो, डोळ्यांत टिपूस आणणार नाही. न तपासता म्हणालीस तर मात्र हे पिस्तूल इथेच राहील आणि तुझी वाट बघेल.

मामी विचारते, काच कापताना हाताला लागत तर नाही ना?

तुझा,
मामा


२६ फेब्रुवारी

ती. मामांस नमस्कार.

फडकं पोचलं होतं. खणात पडून होतं. तुमचं पत्र आल्यावरही दोन दिवस मी त्या खणाला हात लावला नाही. तुम्ही लिहिलंत ते इतकं खरं होतं की मला तुमचा फार राग आला.

मग जेवणाच्या सुट्टीत, दुकानात कुणी नसताना, काच कापायच्या टेबलावर ते पसरलं आणि वर दिवा ओढला. भिंग घरी होतं, ते दुसऱ्या दिवशी नेलं. तिसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं, "हे काय चाललंय?" मी म्हणाले, "मामाचं फडकं बघतेय." संध्याकाळी त्यांनी दुसरा दिवा आणून दिला.

मामा, त्या फडक्यावर काय काय आहे! बनावट मळ मेणात काजळी कालवून करतात. तो उबेला धरला की चिकट होतो, बुटाच्या पॉलिशचा वास येतो. हा चिकट झाला नाही, वास नाही. पितळाचा हिरवा कळंक आहे, दाणेदार, थरावर थर चढलेला. आणि शिवणीजवळ तेलाची एक पिवळी खपली सापडली, काचेसारखी कडक. कुणीतरी फार फार वर्षांपूर्वी तेल दिलं, ते तिथे सुकलं, त्यावर धूळ बसली, पुन्हा कुणी तेल दिलं. असं वय एका दुपारी बनवता येत नाही. तुम्ही लिंबाने मोठा घोळ केलात, पण तो गोळा करून मला पाठवलात हे बरं झालं.

त्यानंतर मी कळ आतून बघून घ्या म्हणून कार्ड टाकलं आणि तुम्ही घड्याळजींकडून कळ उघडून घेतलीत. तुमचं उत्तर काल मिळालं. अर्ध्या खाचेचा दात तुटलेला आहे, आणि तुटल्या जागेवरही आतल्या बाकी लोखंडासारखाच जुना गंज आहे, हे घड्याळजींनी नीट पाहिलं. माझे आभार सांगा त्यांना. पुष्कळ वापराने तो दात झिजतो आणि एक दिवस जातो. बनवणारा माणूस तुम्हाला दोन्ही आवाज अगदी खणखणीत देईल, कारण गिऱ्हाईक तेच ऐकायला येतं. यात तो आवाज नाही, म्हणून तुम्ही खचलात. मला मात्र तिथेच ते खरं वाटू लागलं. लाकूड आटून पितळ बाहेर आलं आहे. आकड्यांच्या छापेत कडा दबलेल्या आहेत, आणि खळग्यातही तसाच गंज असल्याचं घड्याळजी सांगतात. आकडे वेगळे का, ते आजोबांनी सांगितलंच आहे.

पिस्तूल खरं आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी प्यायले, परत आले. अजून खरंच वाटतं आहे.

एक मात्र सांगते. ते आजोबांच्या शस्त्रागारातलं आहे असं मी म्हणणार नाही. असेल, नसेल. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि तुमच्या प्रेमापोटीही मी ते लिहिणार नाही. चालेल ना?

वेगळा कागद सोबत आहे. कारणांसकट, आणि पिस्तूल मी स्वतः हातात घेतलेलं नाही हेही लिहून. खाली सही केली आहे, पूर्ण नावाची. शेवटची रेघ जरा वाकडी आली आहे.

खारू


८ मार्च

चि. खारूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा कागद मिळाला. आनंद गगनात मावत नाही. पिस्तूल घेतलं आणि ते आता माझ्या टेबलावर विराजमान झालं आहे. सकाळचं ऊन खिडकीतून येतं आणि पितळावर सोन्याची झळाळी खेळते. जणू गतकाळच आपल्या घरी सुखाने विसावला आहे. पेटी उत्तम आहे, मखमल उत्तम आहे, दुकानदाराचं वागणं उत्तम होतं. तुझी मामीही अतिशय प्रसन्न आहे. सर्व काही मनासारखं झालं. हे सारं केवळ तुझ्या पारखी नजरेमुळे घडलं. काळजी नसावी. सुखात राहा.

तुझा,
मामा


१९ मार्च

चि. खारू,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही आणि ते पत्र टाकल्यापासून मला घास गोड लागत नाही. मामीने तर अबोला धरला आहे. शेवटचं वाक्य ती बोलली ते असं, "पोरीने इतकं कष्टाने खरं लिहून दिलं आणि त्याच्या उत्तरात तुम्ही हे लिहिलंत? लाज वाटत नाही?" वाटते. म्हणून हे पत्र.

पिस्तूल माझ्याकडे नाही.

झालं ते असं. तुझा कागद घेऊन मी दुकानात गेलो. नाचत गेलो म्हण. ठरलेली रक्कम खिशात होती, पिस्तुलाची पेटी काखेत. दुकानदाराला म्हणालो, "हे बघा, आमच्या भाचीने काय लिहिलंय." त्याने कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग पेटी हलकेच माझ्या काखेतून काढून घेतली आणि म्हणाला, "मास्तर, हा कागद नव्हता तोवर हे तुमचं स्वप्न होतं. आता हा माल झाला."

मी म्हणालो, "अहो, आपलं बोलणं झालं होतं."

"बोलणं झालं होतं ते शंकेच्या पिस्तुलाचं. हे खात्रीचं आहे. एक मोठे संग्राहक कधीपासून विचारत होते, पण कुणी लिहून देत नव्हतं म्हणून अडलं होतं."

साखरतोंड्या! मामीचा डोळाही काही कमी नाही, हे नमूद करून ठेवतो. मी वाद घातला, मग तुझा कागद तरी परत द्या म्हणालो. पण तोवर त्या संग्राहकाला फोन गेला होता, आणि ते गृहस्थ दुसऱ्याच दिवशी मोटारीने आले. मला राहवलं नाही, मीही तिथे जाऊन बसलो. त्यांनी पिस्तूल पाहिलं थोडंच, पण कागद उभ्याने वाचला, मग बसून वाचला. म्हणाले, "काय माहीत नाही हेही हिने लिहिलंय. असं कुणी लिहीत नाही हो." आणि घडी घालून कागद पेटीत पिस्तुलाखाली ठेवला. पेटीचं झाकण लागलं. मी जिना उतरून घरी आलो.

खरं सांगू? जिना उतरताना मला वाईट वाटलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं काय होतं ते मला वर्गात कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या भाचीच्या सहीने एक वस्तू जगात उभी राहिली. ती माझ्या टेबलावर उभी राहिली नाही, एवढंच.

मग खोटं का लिहिलं? तू दोन वर्षांनी पहिल्यांदा "खरं आहे" म्हणालीस, आणि त्याच शब्दाने मामाची वस्तू गेली, हे तुला कळलं असतं तर तू पुन्हा तोंड मिटलं असतंस. ती भीती वाटली. म्हणून मी टेबलावर ऊन पाडलं, पितळ चमकवलं, सगळं उत्तम लिहिलं.

एक गोष्ट मात्र खरी आणि चांगली आहे. दुकानदार काल रस्त्यात भेटला. माझी नजर चुकवत म्हणाला, "मास्तर, त्या बाई आणखी काही वस्तू बघतील का हो?" मी म्हणालो, "खोट्याला ती खोटंच लिहील. चालेल?" त्याने कान खाजवला. "आधी मला एकट्याला सांगितलं तर चालेल." मी म्हटलं, विचारतो. विचारू का? तू नाही म्हणालीस तरी, तपासून

दार वाजतंय. मामी भाजी आणायला गेली आहे, मलाच उठलं पाहिजे. थांब.

...

आता तू आत तोंड धुते आहेस. तेवढ्यात हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला खरं वाटायचं नाही.

दार उघडलं तर तू. खांद्याला ती जुनी पिशवी, भिंगाची आणि चिमट्यांची. समोरचे केस पिकले गं तुझे. मी "अगं" म्हणालो आणि बाजूला सरलो.

तू उंबऱ्यातूनच माझ्या टेबलाकडे एक नजर टाकलीस. "पिस्तूल घरात नाही ना?"

"तुला कुणी सांगितलं? मामीने पत्र टाकलं?"

"मामींनी नाही. तुमच्याच पत्राने. फडक्यासारखंच दिव्याखाली धरलं ते. अहो मामा, तुमच्या प्रत्येक पत्रात एक घोळ, एक भांडण आणि निदान एक प्रश्न असतो. याच्यात प्रश्नच नाही. कुठे ओरखडा नाही, कुठे मळ नाही, सगळं नवंकोरं. वस्तू अशी समोर आली ना, की मला लगेच कळतं."

"तरी पण," मी म्हणालो, "खोटं आहे अशी अगदी खात्री होती तुझी?"

तू चप्पल काढलीस, पिशवी खाली ठेवलीस, आणि म्हणालीस, "सही करून देऊ?"